पिवळ्या बस्त्यातला अर्ज

आमच्या घरी अर्ज लिहिण्याचं काम सोवळ्यातल्या स्वयंपाकाइतकं जपून चाले. नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत मिसली सांभाळत. मिसल म्हणजे एका प्रकरणाच्या सगळ्या कागदांची चळत. हैदराबादच्या जुन्या कचेऱ्यांत फाइलीला हाच शब्द होता आणि आमच्या घरातही तोच चाले. आमच्या काचीगुडा भागातल्या कुणालाही कुठे अर्ज करायचा असला, की तो संध्याकाळी आमच्या ओसरीवर हजर होई. नाना कचेरीतून आले की आधी हातपाय धूत, मग पाटावर बसून मांडीवर फळी घेत, निब जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसत आणि समोरच्याला विचारत, ‘‘नाव सांगा, पूर्ण. जन्म कुठला?’’ समोरचा घाईत असला, काहीही लिहा म्हणाला, तर नाना दौतीचं झाकण लावून टाकत. चूक झाली तर खाडाखोड करता येते, पण खोटं आपल्या हातून उतरणार नाही, असं ते सांगत. कितीतरी लोक त्यांच्यावर चिडून उठून गेलेले मी पाहिले आहेत. आम्हा पोरींना त्याचा अभिमान वाटे. आपल्यावर अशी वेळ येईल असं कुणाला वाटतं?

घर स्टेशनपासून चार मिनिटांवर होतं. इंजिनाच्या शिट्टीवर आईचा दिवस चाले. सकाळची गाडी लागली की खिचडी चुलीवरून उतरायची, आणि तिच्याबरोबरचा चिंचेचा खट्टा तोवर वाडग्यात काढून झालेला असायचा. वारा स्टेशनकडून असला तर धुणं मागच्या अंगणात, एरवी पुढच्या. तरी नानांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर कोळशाचे ठिपके पडायचेच. संध्याकाळी ज्वारीच्या भाकरीची थापथाप आणि डब्यांची आदळआपट बरोबरच ऐकू यायची. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, तिळाची कोरडी चटणी, हे नानांचं आवडतं जेवण. आई म्हणे, ‘‘यांना पक्वान्नं घालून उपयोग नाही, अंबाडी दिली की हे राजे.’’ नाना यावर मान न उचलता म्हणत, ‘‘राजे गेले बाई, आता आम्ही कारकून.’’ निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि नानांचा हा एकच विनोद तेव्हापासून टिकून होता.

मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आम्हाला कवायत शिकवायला मिस थॉमस म्हणून एक बाई होत्या. उंच, काळ्यासावळ्या, केस पुरुषासारखे मागे ओढून बांधलेल्या, मूळच्या तिकडच्या गुंटूर बाजूच्या. आम्हा मराठी मुलींशी त्या हिंदीत बोलत आणि रागावल्या की तेलुगूत. त्या आम्हा सातआठ मुलींना रविवारी शहराबाहेरच्या खडकांवर न्यायच्या. हैदराबादचे खडक ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना काय सांगायचं? घराएवढे धोंडे एकावर एक ठेवलेले, उन्हानं तापलेले, हात लावला की चरचरणारे. मिस थॉमस कमरेला दोर बांधून आधी स्वतः चढत आणि वरून ओरडत, ‘‘पैर पे भरोसा रखो, कुसुम, हाथ पे नहीं!’’ पहिल्या रविवारी मी अर्ध्यावर रडले. चौथ्या रविवारी मी सगळ्यात वर होते आणि खाली दिसणारं शहर माझ्या तळहाताएवढं होतं. घरी आले तेव्हा आईनं माझी सोललेली बोटं पाहिली, हळद लावली आणि म्हणाली, ‘‘या हातांना आता बांगड्या भरायच्या तरी कशा?’’ ती थट्टा होती, पण त्यामागे खरी गोष्ट होती. माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं आणि पुढच्या वर्षी मी या घरात नसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

मग तो कागद आला. उत्तरेकडचे एक निवृत्त लष्करी अधिकारी दरसाल कॉलेजच्या मुलांना शेर्पा वाटाडे बरोबर देऊन बर्फाच्या शिखरावर नेत. त्या वर्षी ते मुलींनाही नेणार होते, प्रत्येक राज्यातून एक. आधी पहाडात महिनाभर शिक्षण, मग उन्हाळ्यात चढाई. अर्ज आपल्या राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत जायचा होता, खात्याची शिफारस लागून. आमच्या कॉलेजातून दोन अर्ज गेले, माझा आणि विमलाचा. विमला चिक्कडपल्लीची, तेलुगू वकिलाची मुलगी, खडकांवरची माझी जोडीदारीण. प्रिन्सिपॉलबाईंनी माझ्या अर्जाच्या पाठीवर लिहिलं की दोघींत ही आधी. विमलानंच मला ते आनंदानं सांगितलं. तिच्या पोटात तेव्हा काहीच नव्हतं, हे इथे लिहून ठेवायला हवं.

नाना नाही म्हणतील या धास्तीनं मी दोन दिवस कागद उशीखाली ठेवला होता. त्यांनी तो ओसरीवर उजेडात धरून दोनदा वाचला. ‘‘बर्फात शाई गोठत असेल नाही?’’ एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. मला कळेचना. आई म्हणाली, ‘‘अगं, अर्ज लिहायला बसतायत ते.’’ त्या संध्याकाळी नानांनी माझा फॉर्म इंग्रजीत, छापल्यासारख्या अक्षरात भरला. माझं नाव, वय, उंची. जन्माच्या रकान्यापाशी ते क्षणभरही थांबले नाहीत. वसमत, जिल्हा परभणी. कारण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आईचं माहेर वसमत. तिसऱ्या महिन्यात मला दुपट्यात गुंडाळून काचीगुड्याला आणलं, त्यानंतर वसमत मी उन्हाळ्याच्या सुट्टीतच पाहिलं. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात थोरलं मूल असंच कुठल्या कुठल्या गावी जन्मलेलं असे. फोटोग्राफरकडून फोटोच्या तीन प्रती आल्या होत्या. एक अर्जावर चिकटवली, एक आईनं देवघरात ठेवली, तिसरी कुठे गेली कळलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी जितकी सुखात होते तितकी पुन्हा कधी झाले नाही. हे वाक्य लिहिताना माझ्या मुलांचं काय, असं कुणी विचारेल. विचारू दे. मी स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या दिवसातून दहादहा वेळा चढे. धुण्याची ओली बादली दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचले. बर्फ कसा असतो ते मला माहीत नव्हतं. आईसफ्रूटवाल्याच्या पेटीतला चुरा मुठीत धरून, किती वेळ धरवतो ते मी मोजत असे. विमला हसून म्हणे, ‘‘तू गई तो मेरेकू एक मुठ्ठी बरफ लाती क्या?’’ मी हो म्हणे.

त्याच दिवसांत हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं. भाषांप्रमाणे तीन तुकडे होणार, तेलुगू जिल्हे आंध्राला, मराठी मुंबईला, कानडी म्हैसूरला. चौकात लोक मोठमोठ्यानं भांडत, पेढे वाटत, काही जण गप्प बसत. नानांना भांडायला वेळ नव्हता. त्यांच्या कचेरीतल्या सगळ्या मिसली तीन राज्यांना वाटून द्यायच्या होत्या आणि हे काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यासाठी तीन रंगांचं कापड आलं, तेलुगू जिल्ह्यांना लाल, कानडीला निळं, मराठीला पिवळं. मिसली रचायच्या, कापडात बांधायच्या, त्या गाठोड्यावर, म्हणजे बस्त्यावर, चिठ्ठी डकवायची आणि लाकडी पेटीत भरायच्या. नाना घरी येत तेव्हा त्यांच्या नखांत जुन्या कागदांची धूळ असे. जेवताना म्हणत, ‘‘आज शंभर वर्षांपूर्वीचं एक प्रकरण लाल कापडात गेलं. दोन भाऊ विहिरीवरून भांडत होते. अजून निकाल नाही.’’ आम्ही हसत असू.

दिवाळी आठवड्यावर आली होती. नाना डबा विसरून गेले म्हणून मी तो द्यायला कचेरीत गेले. दारात हुसेन मियाँ बसले होते, नानांचे शिपाई. मला त्यांनी परकरी वयापासून पाहिलेलं. ‘‘साब अंदर बस्ते बांद रैं, बेटा. बैठो.’’ मग माझ्याकडे पाहून ते सहज, कौतुकानंच म्हणाले, ‘‘तुमारी दरख्वास्त बी बंद गई ना परसों. पीले में. साब खुद के हात से बांदे.’’

मी म्हटलं, ‘‘मेरी? पीले में क्यों?’’

‘‘वसमत लिखा है ना उसपे. परभणी जिल्हा. परभणी-औरंगाबाद सब पीला.’’ माझा चेहरा पाहून ते घाबरले. ‘‘काइकू, बेटा? क्या हुआ?’’

शिक्षण खात्याचे निकालात न निघालेले अर्जही वाटणीसाठी नानांच्याच खोलीत आले होते आणि नियम असा होता, की अर्जदार जन्मानं ज्या जिल्ह्याचा, त्या जिल्ह्याबरोबर त्याचा कागद जाणार. विमला चिक्कडपल्लीत जन्मली होती, तिचा अर्ज हैदराबादेतच राहिला. माझा, सगळ्या पिवळ्या बस्त्यांबरोबर, औरंगाबादला निघाला होता, पेटीच्या तळाशी. नाना जेवताना सांगत, तिकडे त्या पेट्या ठेवायला खोल्यासुद्धा मिळाल्या नव्हत्या, मग उघडणार कोण आणि कधी? आणि नावं पोचायची मुदत दिवाळीनंतर पंधरा दिवसांची. शिवाय मुंबई राज्याची मुलगी केव्हाच ठरून गेली होती, हे मिस थॉमसनी आम्हाला सांगितलं होतं. हे सगळं मला तिथे दारातच एकदम कळलं. डबा मी हुसेन मियाँच्या हातात दिला आणि घरापर्यंत चालत आले.

संध्याकाळी नाना जेवायला बसले तेव्हा मी विचारलं, ‘‘तुम्ही बांधलात?’’

त्यांनी घास खाली ठेवला. ‘‘हो.’’

‘‘माझा आहे हे माहीत असून?’’

‘‘अक्षर माझंच होतं, कुसुम.’’

आई भाकरी तव्यावर तशीच सोडून उठली. ‘‘अहो, एक कागद बाजूला काढून ठेवला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? ही जन्मात तीन महिने वसमतला राहिली!’’

‘‘वीस हजार मिसली आहेत,’’ नाना म्हणाले. ‘‘प्रत्येकाचं काहीतरी अडलंय त्यात. कुणाचं पेन्शन, कुणाची जमीन. रोज दारात येऊन रडतात, साहेब, माझी इकडे ठेवा. मी सगळ्यांना नाही म्हणतो. माझ्या पोरीची ठेवू?’’ भाकरी करपल्याचा वास घरभर झाला. तव्याकडे कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस थॉमसकडे गेले. त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा फॉर्म काढला. ‘‘नया भर दो. जन्म हैदराबाद लिखो. पूरी ज़िंदगी इधर रही हो, कौन पूछता है? फादर की साइन लाओ, मैं कल खुद जाके देके आती हूँ.’’ इतकं सोपं होतं ते. एक शब्द आणि एक सही. मी तो कोरा फॉर्म नानांच्या पाटासमोर ठेवला, दौत ठेवली, निब पुसून ठेवली. मी हात जोडले, हे मला आजही आठवतं आणि आजही राग येतो. मी म्हटलं, ‘‘नाना, पुढच्या वर्षी मी कुणाच्या तरी घरात असेन. मला हे एवढंच हवंय. पुन्हा काही मागणार नाही.’’

नानांनी फॉर्म उजेडात धरून वाचला. मग म्हणाले, ‘‘जन्म कुठे झाला ते कसं बदलायचं, बाई?’’ आणि दौतीचं झाकण लावलं. अनोळखी लोकांसमोर लावत तसंच. फॉर्म त्यांनी घडी करून कोटाच्या खिशात टाकला. फेकायला नेला असं मी धरून चालले.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. भिंतीला एका जागी चुना सुटून एक शिखर झालं होतं, ते मी नखानं खरवडून टाकलं. दिवाळी आली. फटाके वाजले, राज्य मोडलं, आईनं चार करंज्या माझ्या उशाशी ठेवल्या त्या मुंग्यांनी खाल्ल्या. कॉलेजात मी गेले नाही. विमलाची निवड झाली. ती आली, पलंगाच्या कडेला बसली आणि रडत म्हणाली, ‘‘तू नै आई तो मैं बी नै जाती.’’ मी म्हटलं, जा. मनात म्हटलं, पडशील तर बरं. असं मी मनात म्हटलं, ज्या मुलीनं माझा दोर शंभर वेळा धरला होता तिच्याबद्दल. ती गेली. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात फोटो आला, शिखरावर पोचलेल्या, काळे चष्मे लावलेल्या सहा मुली. त्यात विमला कुठली ते ओळखू येत नव्हतं. मी कुठलीही असू शकले असते. परत आल्यावर ती भेटायला आली तेव्हा मी मागच्या दारानं शेजारी निघून गेले. पुढे तिनंही येणं सोडलं.

आता माझे गुडघे काचीगुड्याजवळच्या अंबरपेठेतल्या या घराचे दोन जिने चढतानाही कुरकुरतात. परवा माझ्या नातीनं मोबाइलवर कुठल्याशा हिमालयातल्या मोहिमेचा फॉर्म भरला, सोफ्यावर लोळत, एका हातात चिवड्याची वाटी. ‘‘आजी, दो मिनिट में हो गया!’’ मी विचारलं, जन्म कुठला ते विचारलं का गं? ती म्हणाली, ‘‘नाही. का?’’ मी तिची चिवड्याची वाटी पुन्हा भरून आणली. तिला सांगायला बसले असते तर आवाज चढला असता आणि पोरीला वाटलं असतं आजी तिच्यावर रागावली.

राज्य मोडलं तेव्हा नानांची स्वतःची नोकरीची मिसलही पिवळ्या कापडातच गेली. त्यांचा जन्म परभणीचा. इथेच राहू द्या असा विनंतीअर्ज करायची मुभा होती, बरेच जण करत होते आणि पुष्कळांचे अर्ज नानांनीच लिहून दिले. स्वतःचा लिहिला नाही. संक्रांतीच्या आधी त्यांना औरंगाबादेला रुजू व्हायचं होतं. आम्ही मागे राहायचं, माझ्या धाकट्या बहिणींची शाळा इथे होती. आईनं एक पत्र्याची ट्रंक भरली, त्यात तिळाच्या चटणीचा डबा आणि वाळवलेली अंबाडी. निघायच्या दिवशी नाना माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. अडीच महिने मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

‘‘कुसुम, येतेस का स्टेशनपर्यंत?’’

मी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. मग त्यांच्या वहाणांचा आवाज ओसरीवरून उतरला. आई आणि बहिणी त्यांच्याबरोबर गेल्या. मी उठून चुलीपाशी गेले आणि घासलेला तवा पुन्हा राखेनं घासत बसले. गाडीची शिट्टी झाली, मग दुसरी, मग डबे ओढले गेल्याचा तो नेहमीचा खडखडाट. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

नाना चार वर्षं तिकडे भाड्याच्या एका खोलीत राहिले, हातानं स्वयंपाक करून. माझ्या लग्नाला आठ दिवसांची रजा काढून आले, सगळे कागद व्यवस्थित पाहिले, मंगलाष्टकांत अक्षता टाकल्या. पेन्शन घेऊन परतले तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती. मी माहेरी गेले की आम्ही बोलत असू, पाण्याबद्दल, बहिणींबद्दल, अंबाडीच्या भावाबद्दल. त्या गोष्टीबद्दल दोघांपैकी कुणीच कधी तोंड उघडलं नाही. मी ठरवूनच टाकलं होतं, की या माणसाच्या मनात तेव्हा काही हललंच नव्हतं. नियम होता, त्यांनी पाळला, रात्री झोपले.

ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं ती पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली. मला वाचवत नाही, तू बघ, म्हणाली. वर कोट, धोतरं, चष्मा. खाली पिवळ्या कापडाचा एक तुकडा, चौकोनी घडी घातलेला, दोरीनं बांधलेला. गाठ नानांचीच, दोन वेढ्यांची. आत एकच कागद होता, मिस थॉमसनी दिलेला फॉर्म.

तो भरलेला होता. नाव, वय, उंची, छापल्यासारख्या अक्षरात. वरच्या कोपऱ्यात माझा फोटो, ती हरवलेली तिसरी प्रत, खळ लावून नीट चिकटवलेली. खाली पालक म्हणून नानांची पूर्ण सही. आणि जन्माच्या रकान्यात लिहिलं होतं, काचीगुडा, हैदराबाद. खाडाखोड नाही, डाग नाही. फक्त तारखेची जागा कोरी होती.

म्हणजे एका कुठल्या तरी दिवशी ते हात धुऊन बसले होते. निब पुसली होती. जे कुणासाठीच लिहिलं नाही ते लिहिलं होतं, सही केली होती. आणि मग खिशात ठेवून रोज कचेरीत नेलं असेल, रोज परत आणलं असेल, मुदत संपेपर्यंत. मला हे कळून शांत वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. त्यांच्या मनात काही हललंच नव्हतं, असं मानून मी वीस वर्षं जगले होते, आणि तो राग मला फार उपयोगी पडला होता. आता तोही गेला. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून इतकी रडले की शेजारणी धावत आल्या. त्यांना वाटलं, नानांसाठी रडते आहे.

फॉर्म माझ्यापाशी आहे. त्याचं आता काहीच करता येत नाही. पण काचीगुड्याहून गाडी सुटल्याची शिट्टी वारा तिकडून असला तर अंबरपेठेतही ऐकू येते, आणि दर वेळी मला एकच गोष्ट आठवते. निघायच्या दिवशी नाना दारात उभे होते तेव्हा तो कागद बहुतेक त्यांच्या कोटाच्या खिशात होता. स्टेशन चार मिनिटांवर होतं. मी गेले नाही.